उतरत्या खांद्यांची बाटली

दाजींचं नाक गेलं, ही गोष्ट फक्त त्यांच्या मेहुण्याला ठाऊक होती. मेहुणा पुस्तकं बांधायचा, म्हणून सगळे त्याला बाइंडर म्हणत. त्याची ताई, म्हणजे दाजींची बायको, ज्या तापात गेली त्याच तापाने दाजीही अंथरुणाला खिळले होते. ते उठले, पण वास काही परत आला नाही. आणि दाजी म्हणजे जन्मभर वाइनचं दुकान चालवलेला माणूस!

"कुणाला बोलू नकोस," ते म्हणाले होते. "ते एक टेबल तेवढं उरलंय मला."

टेबल होतं शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत; दाजी, बाइंडर, शिंपी आणि दातांचे डॉक्टर तिथे जमत. दर महिन्याला एकाने आपली आवडती बाटली लोकरी मोज्यात लपवून आणायची, दाजींनी घोट घेऊन प्रांत आणि साल सांगायचं, मगच मोजा काढायचा. कुठली बाटली येणार याची बाइंडर आधीच चौकशी करून दाजींच्या कानावर घालून ठेवी. या खेपेला मात्र शिंप्याने ताकास तूर लागू दिली नव्हती.

दाजींनी पेला नाकाशी नेला. "स्पेनची रिओहा," ते म्हणाले. "उन्हाळा कडक गेलेलं साल. काळी चेरी, मागे जुनं लाकूड. वा!"

दातांच्या डॉक्टरांनी घोट घेतला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. बाइंडरच्याही नाकात ओल्या पुठ्ठ्याचा वास शिरला. बुरसटलेल्या बुचानं घात केला होता. वाइन मोरीत ओतायच्या लायकीची झाली होती.

"अगदी बरोबर!" शिंपी घाईने म्हणाला.

"यांचं नाक सोन्यानं मढवा बुवा," डॉक्टर म्हणाले. एरवी हा टोमणा असता. आज त्यांचा आवाजच पडला होता.

"मग मोजा काढ की," दाजी शिंप्याला म्हणाले.

"कशाला, दाजी? तुम्ही सांगितलंत ना."

दाजींनी हात पुढे केला. बोटं मोज्यावरून बाटलीच्या मानेखाली सरकली आणि थांबली. रिओहाच्या बाटलीचे खांदे बहुधा ताठ असतात. हिचे उतरते होते, फ्रान्सच्या बरगंडीसारखे. हे या सगळ्यांना दाजींनीच शिकवलं होतं.



"तुझ्या ताईच्या शालीलासुद्धा वास येत नाही रे," दाजी बाइंडरला म्हणाले, जणू खोलीत दोघंच होते. "रोज कपाट उघडून बघतो."

डॉक्टर खाकरले. "दाजी, पुढच्या महिन्यात माझी पाळी. कुठली आणू, ते तरी सांगा."

"तुम्हीच ठरवा आता. तुम्हाला कळतं."

पेल्यातली उरलेली वाइन दाजी सावकाश पीत राहिले. त्यांचा हात धरावा, असं बाइंडरला वाटलं. त्याने धरला नाही.