बिऱ्हाडासकट झाड

कोळशाच्या खाणीत तिला बागकाम अधिकाऱ्याची नोकरी लागली तेव्हा मैत्रिणींनी तिची यथेच्छ खिल्ली उडवली होती. कसायाने गुरांचा डॉक्टर ठेवावा तसं हे झालं, असं एकीने म्हटलं होतं. तेव्हा ती हसली होती. पुढे वर्षं गेली, खाणीतले सगळे तिला 'बागमॅडम' म्हणायला लागले आणि तिला त्या विनोदाचं हसू येईनासं झालं.

खाणीला बागमॅडम कशाला लागते? तर गेटापासून ऑफिसपर्यंत कुंड्या टवटवीत ठेवायला, पाहुणे यायचे असले की लॉन कापून घ्यायला आणि खाणीतून उपसलेल्या मातीच्या डोंगरांवर रोपं लावायला. त्या रोपांपैकी बरीचशी उन्हाळा आला की मान टाकत. पण एक गोष्ट तिने स्वतःच्या हिमतीवर करून घेतली होती. खाणीच्या वाटेत येणारं जुनं झाड सरसकट तोडायचं नाही, मुळांसकट उचलून दुसरीकडे लावायचं, हा नियम तिचा. त्यासाठी तिने साहेबांच्या केबिनचा उंबरठा झिजवला होता. आधी झाडाभोवती टप्प्याटप्प्याने चर खणायचा, मुळांचा गोळा गोणपाटाने आवळायचा, फांद्या छाटायच्या आणि पानगळीत झाड उघडं पडलं की क्रेनने उचलून ट्रेलरवर ठेवायचं. अशी कितीतरी झाडं तिने कॉलनीमागच्या मोकळ्या जागेत नेली होती. काही जगली, काहींनी दगा दिला. निदान कुऱ्हाड तरी चालली नाही, एवढ्यावर ती समाधान मानून घ्यायची.

या खेपेला पाळी बेहड्याची होती. दोन माणसांच्या कवेत मावणार नाही असा बुंधा, आणि उभा नेमका तिथे, जिथून नव्या खाणीचा डंपरचा रस्ता जाणार होता. चर खणून झाला होता, गोणपाट आवळून झालं होतं. फांद्या छाटायला माणसं यायची होती, त्याच्या आदल्या सकाळी ती दोऱ्या तपासत होती. डोक्यावर मोठे पंख फडफडल्याचा आवाज झाला म्हणून तिने मान वर केली. भल्यामोठ्या वाकड्या चोचीचा एक धनेश खोडाला लटकला होता. त्याने खोडावर चोचीने टकटक केलं, घशातून उंबराचं एक फळ काढलं आणि सालीतल्या एका फटीत सरकवलं. फटीतून दुसऱ्या चोचीचं टोक बाहेर आलं आणि फळ घेऊन आत गेलं.

दोरी सोडून ती मागे सरली. धनेशाची मादी अंडी घालायला ढोलीत शिरते आणि दार आतून लिंपून घेते. चोचीपुरती फट ठेवते. मग पिल्लं मोठी होईपर्यंत नवरा बाहेरून भरवतो आणि ती आत. पिसं झडलेली असतात, त्यामुळे बाहेर पडली तरी तिला उडता येत नाही. नवरा आला नाही तर संपलंच सगळं.

झाडं पानगळीत हलवायची हा बागमॅडमचा नियम, आणि त्याच दिवसांत धनेशांची दारं लिंपलेली असतात. पक्षी तिला ठाऊक होते, त्यांचा हंगामही ठाऊक होता. पण झाडं हलवणाऱ्यांच्या माना सदा खाली असतात. मुळं तुटली का, गोळा फुटला का, ओल किती राहिली! इतके महिने तिच्यासकट सगळे या झाडाभोवती फिरत होते आणि एकालाही वर बघायचं सुचलं नव्हतं.

ती तडक मोठ्या साहेबांकडे गेली. साहेब तसे भले माणूस. कधी आवाज चढवणार नाहीत, आल्या माणसाला चहा विचारल्याशिवाय सोडणार नाहीत. अशा माणसाशी भांडणं फार कठीण जातं.

"मॅडम, तोडू नका म्हणालात, नाही तोडलं," साहेब म्हणाले. "हलवू या म्हणालात, हलवतोय. आता म्हणता हलवूही नका. माणसाने करावं तरी काय?"

"दीड महिना थांबा, सर. पिल्लं उडाली की मी स्वतः उभी राहून हलवते."

"दीड महिना! अहो, वीज केंद्रात कोळशाचा तळ दिसायला लागलाय. तुमच्याच मिस्टरांना विचारा की." मग त्यांना एकदम काहीतरी सुचलं आणि चेहरा उजळला. "मी म्हणतो, बिऱ्हाडासकट हलवा ना! घर, बायको, पोरं, सगळं एकदम. सामान बांधायचीसुद्धा कटकट नाही."

"आणि नवरा?"

"येईल की मागोमाग. जाईल कुठे?"

"नाही आला तर ती आत उपाशी मरेल, सर."

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "हे बघा, सोमवारी रस्त्याचं काम सुरू होणार. तुम्ही हलवणार नसाल तर मी कटाईवाल्यांना सांगतो. त्यांना एक दुपार पुरते. ठरवा तुम्ही."

ठरवायला ठेवलं होतं काय, डोंबल? ती बाहेर आली ती दात-ओठ खात.

घरी आली तर वीज गेलेली. सासूबाई दारात बसून वर्तमानपत्राने वारा घेत होत्या. "या," त्या म्हणाल्या. "सून कोळशाच्या खाणीत, मुलगा वीज केंद्रात, आणि सासू घामाच्या धारांत. सांगून कुणाला खरं वाटेल का?"

नवरा नुकताच ड्यूटीवरून आला होता. तिने सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, पण शर्टाची बटणं सोडता सोडता म्हणाला, "साहेब काही खोटं बोलत नाहीत गं. उद्या आम्हाला एक संच बंद ठेवावा लागणार आहे. हॉस्पिटलं आहेत, पाण्याचे पंप आहेत. एका पाखरासाठी सगळं गाव अंधारात ठेवायचं का?"

"मग गेल्या हिवाळ्यात का नाही केला रस्ता? तेव्हा सगळे झोपले होते का? यांनी ऐनवेळी जागं व्हायचं आणि झाडावरच्यांनी घर खाली करायचं!"

"हे मला कशाला सांगतेस?"

"मग कुणाला सांगू?"

तिच्या रागाला धड जागाच नव्हती. तिच्या घरातला पंखा त्याच कोळशावर फिरत होता, पगार त्याच कोळशातून येत होता आणि समोरचा प्रत्येक जण थोडंथोडं खरंच बोलत होता. कुणीतरी सरळसरळ दुष्ट असता तर तिला बरं वाटलं असतं.

"बाळंतिणीला कुणी हलवतं का?" सासूबाई मध्येच म्हणाल्या. "साहेबाला आई नव्हती की काय?"

शेवटी तीच उभी राहिली. कटाईवाल्यांच्या हाती देण्यापेक्षा आपल्या हातून झालेलं बरं, दुसरं काय! फांद्या तिने फारशा छाटू दिल्या नाहीत. नर ज्या फांदीवर येऊन बसायचा तिला तर हातही लावू दिला नाही. झाड आडवं करायचं नाही, उभंच न्यायचं, असं तिने ठणकावून सांगितलं. वाटेतल्या विजेच्या तारा उतरवायला लावल्या. आणि दुपारचा सुरुंग त्या दिवशी उडवायचा नाही, हे साहेबांकडून वदवून घेतलं.

क्रेनवाल्याला सगळे 'सावकाश' म्हणत. जेवणसुद्धा तो सावकाश जेवायचा आणि त्यावरून शिव्या खायचा. त्या दिवशी त्याच्या सावकाशपणाचं सोनं झालं. "आत बाई आहे म्हणता ना, मॅडम?" तो म्हणाला. "मग माझ्यावर सोडा. बाईला झोपेतून जागसुद्धा येणार नाही."

आणि खरोखर त्याने ते झाड असं उचललं की गोळ्याची माती हलली नाही. ट्रेलर मुंगीच्या पावलांनी निघाला. थोडं गेल्यावर तिने तो थांबवला, सगळ्यांना लांब उभं केलं आणि वाट बघत बसली. बराच वेळ काही नाही. मग नर आला. जुन्या जागेवर त्याने दोन घिरट्या घातल्या, वरच्या वर घुटमळला, आणि मग त्याला झाड दिसलं. तो येऊन खोडाला लटकला, टकटक केली, फळ आत सरकवलं. सावकाशने केबिनमध्ये बसल्या बसल्या हात जोडले. बागमॅडमला तर सावकाशला मिठी मारावीशी वाटली.

असंच आणखी दोनदा थांबायचं, नराला सवय करत करत न्यायचं, असं तिने मनात मांडलं होतं. मातीच्या डोंगराला वळसा घालून ट्रेलर दुसऱ्यांदा थांबला. नर डोंगराच्या माथ्यापर्यंत आला होता. तेवढ्यात भोंगा झाला आणि पाठोपाठ सुरुंग उडाला. जमीन हादरली, धुळीचा लोट उठला. नर जो उडाला तो दिसेनासा झाला.

तिने सुरुंगवाल्यांना फोन केला. "आम्हाला कुणी काही सांगितलं नाही, मॅडम." ऑफिसात विचारलं, तर "सांगितलं होतं की!" पण कुणी, कुणाला, कधी, हे एकालाही सांगता येईना. तिने फोन ट्रेलरच्या चाकावर आपटायला उगारला आणि मग खिशात ठेवला. फोडून उपयोग काय होता? नवा तिलाच घ्यावा लागला असता.

संध्याकाळपर्यंत ती तिथेच ताटकळत उभी राहिली. नर आला नाही. झाड कॉलनीमागे लावलं, तरी आला नाही. दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कामावरच्या एका डंपरवाल्याने सांगितलं की झाड होतं तिथे एक मोठा पक्षी येतो, हवेत फेऱ्या मारतो आणि नुकत्याच ठोकलेल्या 'सावकाश चालवा'च्या पाटीवर बसून राहतो. ती धावत गेली. तो बसला होता, चोचीत फळ धरून. तिने हातवारे केले, ओरडली, वेड्यासारखी रस्त्याने कॉलनीच्या दिशेने पळूनही दाखवलं. त्याने ढुंकून पाहिलं नाही. पाखराला पत्ता कसा समजावून सांगायचा?

ती परत आली आणि झाडाला शिडी लावली. दवाखान्यातून लांब चिमटा मागून आणला, चिमट्यात उंबर धरलं आणि फटीशी नेलं. आतली चोच मागे सरली. पुन्हा नेलं, पुन्हा मागे. ऊन चढलं, शिडीचा लोखंडी दांडा पोटऱ्यांना चटके द्यायला लागला. "घे गं बाई," ती म्हणत होती, "घे, मी काही वाईट नाही." हे म्हणतानाच तिला स्वतःचा संताप आला. वाईट नसलेल्या माणसांनीच तर हे सगळं केलं होतं. मग तिला आठवलं की नर आधी टकटक करतो. तिने चिमट्याने सालीवर टकटक केलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग फटीतून चोच पुढे आली आणि फळ घेऊन गेली. बागमॅडम शिडीवर, भर उन्हात, हमसून हमसून रडली.

त्या दिवसापासून तिचं घर झाडाखाली राहायला आलं म्हणा ना. उजाडल्यापासून मावळेपर्यंत ती शिडीवर. सासूबाई खाली खुर्ची टाकून उंबरं निवडत आणि वरून घास पडला की "अगं, सांभाळून भरव" म्हणून ओरडत. नवरा ड्यूटीवरून परस्पर यायचा, शिडी धरायचा आणि गवतातले टोळ पकडायचा. वीज केंद्राची अख्खी कंट्रोल रूम सांभाळणारा माणूस एका टोळामागे झाडाला फेऱ्या मारतोय, हे बघून सासूबाईंना हसू आवरायचं नाही. काही दिवसांनी ढोलीतून बारीक चिरचिर ऐकू यायला लागली. पिल्लं होती. भूक वाढली, तिच्या फेऱ्या वाढल्या. नर मात्र अजून त्या पाटीवरच येऊन बसत होता, असं डंपरवाले सांगत.

एका सकाळी मोठे साहेब आले. सोबत फोटोग्राफर. साहेबांचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"मॅडम, कमाल केलीत! वरपर्यंत नाव गेलंय तुमचं." ते शिडीशी येऊन उभे राहिले. "तुम्हाला म्हणून आधी सांगतो. पलीकडच्या टेकडीचं रान आहे ना, त्याखाली उत्तम कोळसा आहे. घरट्यांमुळेच परवानगी अडली होती. मी तुमचं हे काम दाखवलं, तुमची पद्धत समजावून सांगितली. काल मंजुरी आली. आता अख्खं रान बिऱ्हाडासकट हलवायचं!"

ती शिडीवरूनच ओरडली. "सर, हिचा नवरा अजून तिथे रस्त्यावर बसलाय! हे काम झालं नाहीये, हे बिघडलंय! माझं कुटुंब इथे दिवसभर उभं आहे म्हणून ही सगळी जिवंत आहेत. एका झाडाला तीन माणसं लागताहेत, सर! त्या रानात घरटी किती आहेत ते माहीत आहे का तुम्हाला? किती शिड्यांवर चढू मी?"

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते नेहमीच ऐकून घेत. नवऱ्याने शिडी धरली होती, तो खाली मान घालून उभा होता.

तिला खाली उतरायचं होतं. उतरून साहेबांच्या तोंडावर सगळं सांगायचं होतं, जे इतकी वर्षं कुंड्यांना पाणी घालताना गिळलं ते सगळं. तिने एक पाय खालच्या पायरीवर टाकलाही. पण फटीतून चोच बाहेर आली होती आणि आतली पिल्लं भुकेने कालवा करत होती. ती पुन्हा वर सरकली. तिने चिमट्यात उंबर धरलं आणि सालीवर टकटक केलं.

"बरोबर आहे तुमचं," खालून साहेब खिशातून पेन काढत म्हणाले. "सांगा, किती शिड्या लागतील?"