दिपेशची जांभळी बॅटरी आणि ऋतिकाची घटपर्णी

मी बोलतेय, दिपेशच्या अवजारांच्या पिशवीतली अतिनील बॅटरी. माझा उजेड तुम्हाला जेमतेम जांभळट दिसेल, पण तो पडला की काही वस्तू आपणहून चमकू लागतात. एसीची गळती शोधायला दिपेश नळीत एक रंग सोडतो, तो बाहेर झिरपला की मी पकडून देते. सगळा जन्म दुसऱ्याची खोट काढण्यात गेला, आणि त्याचा मला ताठाही होता!

दिपेशच्या बहिणीने, ऋतिकाने, कळव्याच्या घरी गॅलरीत घटपर्णी लावली होती. पानांच्या टोकाला सुरईसारखे घट. त्यात किडे पडतात आणि झाड ते पचवतं. चार वर्षांचं लाडकं झाड. ऋतिका आठवडाभर बाहेरगावी गेली, तेव्हा तिच्या आईने, आवडाबाईंनी, रोज प्रत्येक घटात चिमूटभर खारा सुका जवळा सोडला. कुणाला उपाशी ठेवणं त्यांच्या स्वभावातच नाही.

ऋतिका परतली तेव्हा मिठाने पानं करपली होती. एकच घट धड उरला होता.

“मना वाटला, झार उपाशी हाय,” आवडाबाई एवढंच म्हणाल्या आणि गॅलरीकडे फिरकेनाशा झाल्या.

ऋतिकाने मुळं धुतली, कुंडी बदलली, पण काही उपयोग दिसेना. निदान माझ्या उजेडात शेवटचा फोटो तरी काढावा, म्हणून तिने मला दिपेशकडून मागून घेतलं, भरदुपारी कुंडी मोरीत नेली, खिडकीवर चादर टांगली, कॅमेरा स्टँडवर बसवला.

“आई, आत येऊन दार धर ना. फटीतून उजेड येतोय.”

मी पेटले, आणि काय सांगू! घटाच्या काठावर निळं कडं उमटलं. जिथे हिरवेपणा उरला होता तिथे पान गडद लाल झालं. करपलेला भाग काळाच राहिला. इतकी वर्षं मी हा उजेड टाकत होते, पण असं काही मी पाहिलंच नव्हतं. कॅमेरा वीस सेकंद उघडा होता, तेवढा वेळ मोरीत कुणी हललं नाही.

“अवरा देखना झार मी मारला गो,” आवडाबाईंचा आवाज फुटला. डोळे पुसत त्या खाली वाकल्या आणि तशाच थांबल्या. “ऋतिका, बुराशी यो लाल काय?”

झाडाच्या बुडाशी तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका.

“आई, कोंब आहे! जिवंत असतं तेच असं लाल दिसतं!”

आवडाबाई मटकन खालीच बसल्या आणि हसत हसत रडल्या.

आज त्या कोंबाला दोन पानं आहेत. रोज सकाळी कामावर निघताना दिपेश मला शोधतो, आणि मोरीतून आवाज येतो, “थांब रं, मना आदी झार बघू दे!”

दिपेश, गळत्या शोधायला दुसरी बॅटरी घे बाबा. मला इथेच राहू दे.