बाईचा पाय हलका

बाईचा पाय हलका असतो, असं निहारनं पहिल्यांदा दवाखान्याच्या व्हरांड्यात म्हटलं. आत गोदाकाकूच्या मनगटाला प्लास्टर घालत होते आणि बाहेर वाडीतली सात-आठ माणसं जमली होती. निहार म्हणजे शमिकाचा नवरा. मासेमारीच्या लाँचवर इंजिन ड्रायव्हर, त्यामुळे ज्यात म्हणून डिझेल आणि नटबोल्ट आहेत त्यातलं सगळं आपल्याला कळतं, ही त्याची पक्की समजूत. त्यानं जमलेल्या माणसांना डॉक्टरच्या थाटात सांगितलं, "ब्रेक दाबायला ताकद लागते. बाईचा पाय हलका. गाडीचा काय दोष नाय." माणसांनी माना डोलावल्या. शमिका तिथंच उभी होती, कपाळाला टेंगूळ घेऊन.

झालं होतं ते असं. शमिका आपल्या सात सीटच्या गाडीतून रोज चार मासेवाल्या बायकांना आतल्या गावांच्या बाजारांना न्यायची. त्या दिवशी पालीचा बाजार होता. हातखंब्याच्या उतारावर पुढचा चिऱ्यांचा ट्रक अचानक थांबला. तिनं ब्रेक दाबला, टाच दुखेपर्यंत दाबला, तरी गाडी आपली सरकत सरकत गेली आणि ट्रकला भिडली. पुढे बसलेल्या गोदाकाकूनं आधाराला हात टेकला आणि तो मोडला. मनगट पुढे जुळलं, पण वाकडं जुळलं. सुरमई कापायची सुरी आता तिला धड धरता येत नव्हती, आणि त्यानंतर ती शमिकाच्या गाडीत बसली नव्हती. भांडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. नुसती दुसऱ्याच्या टेम्पोत मागे माशांच्या पाट्यांमध्ये बसून जाऊ लागली. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

बाकीच्या तिघी येत राहिल्या, पण उतार आला की गप्प व्हायच्या आणि पुढच्या सीटची दांडी घट्ट धरायच्या. शमिकाला ते आरशात दिसायचं. सासू, बकुळा, घरात तेच बोलायची. "सोड गो ती गाडी. निहार चालवील सुट्टीच्या दिवशी." आणि सुट्टी नसेल त्या दिवशी कोण चालवील, गाडीचे गिअर कुणाला कळतात, हे विचारायचं नाही.

शमिकानं गाडी सोडली नाही. तिनं ब्रेक बदलायचं ठरवलं. पाय हलका असेल तर असू दे, हलक्या पायालाही थांबेल अशी गाडी करायची, एवढंच तिच्या डोक्यात बसलं.

यावर निहार हसला. "होडीला ब्रेक असतो काय? पन्नास फुटी लाँच आम्ही धक्क्याला लावतो, अंड्याला तडा जाणार नाय अशी. अंदाज लागतो, अंदाज!" टायर बदलायचे म्हटल्यावर तर त्यानं गुडघ्यावर बसून टायरवर थाप मारली आणि नक्षी अजून शाबूत असल्याचा निकाल दिला. त्या टायरांना सहा वर्षं झाली होती. उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात रबर इतकं कडक झालं होतं की नख रुतत नव्हतं. पण नक्षी होती ना! निहारचं समाधान झालं होतं.

गॅरेजवाला अजिंक्य मात्र हसला नाही. शहराबाहेर त्याचं छोटं गॅरेज होतं. त्यानं गाडी वर उचलली, पुढची चाकं काढली आणि म्हणाला, "ताई, सात सीटची गाडी, वर बर्फाचे खोके, आणि ब्रेक हे एवढेसे. वरच्या मॉडेलचे चाकाआडचे मोठे डिस्क बसवू या, आतून हवा खेळणारे, म्हणजे उतारावर तापायचे नाहीत. त्याला रिम एका नंबरनं मोठी लागेल, टायर ओल्या रस्त्याला धरणारे घेऊ. ब्रेकचे पाइप गंजलेत, तेही बदलू." मग त्यानं डिस्कला दाबून धरणारे जुने ब्रेक पॅड हातात घेऊन वास घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे तेलानं भिजलेत. कुठून तरी गळतंय." त्यानं संशयावरून चाकाचं ऑइल सील बदललं. गळती कुठं सापडली नाही.

काम व्हायला तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी संध्याकाळी अजिंक्यनं तिला मोकळ्या सरळ रस्त्यावर नेलं आणि साठच्या वेगाला सांगितलं, "आता दाबा." तिनं दाबला. गाडी अशी थांबली की अजिंक्यची टोपी पुढच्या काचेवर आपटली. शमिकानं पुन्हा वेग घेतला, पुन्हा दाबला. सहा वेळा तिनं गाडी थांबवली आणि सातव्या वेळी मोठ्यानं हसली. चार महिन्यांत ती अशी हसली नव्हती.

घरी येताना ती सरळ गोदाकाकूच्या दारात गेली. "काकू, उद्या माझ्या गाडीत बस. एकदा बस. नाय आवडलं तर परत कधी बोलवायची नाय." गोदाकाकूनं वाकड्या मनगटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "येईन," ती म्हणाली. बस, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला चौघी जणी खाली धक्क्याजवळ पाट्या घेऊन उभ्या होत्या. शमिकाचं घर वरच्या अंगाला, आणि घरापासून धक्क्यापर्यंत सिमेंटचा उतार. शिमग्यासाठी लाँच बांधून ठेवलेल्या, त्यामुळे वाडीतले पुरुषही रिकामेच धक्क्यावर बसलेले. निहार सकाळीच अंघोळ करून खाली गेला होता. आज त्याचा रुबाब काही और होता. गाडी जणू त्यानंच सुधारली होती. तो उताराच्या पायथ्याशी मधोमध उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "ये! ये! हितं माझ्यासमोर थांबव!"

शमिकानं गाडी उतारावर सोडली. अर्ध्या उतारावर ब्रेकवर पाय ठेवला. पेडल दगडासारखं घट्ट लागलं आणि गाडीचा वेग मात्र कमी होईना. तिनं आणखी दाबलं. काही नाही. समोर निहार हात पसरून हसत उभा होता, त्याच्या मागे गोदाकाकू. शमिकानं पहिला गिअर कोंबला, हँडब्रेक ओढला, हॉर्नवर कोपर टेकवलं आणि स्टिअरिंग डावीकडे वळवलं. निहार कसाबसा उडी मारून बाजूला पडला. गाडी वाळत घातलेल्या जाळ्यांच्या ढिगात घुसली आणि बंद पडली. पुढचं चाक गोदाकाकूच्या पाटीपासून हातभर लांब होतं.

धक्क्यावरून कुणीतरी पुरुष म्हणाला, "सांगितलं व्हतं. पाय हलका."

निहार धूळ झटकत उठला. भ्यालेला होता, म्हणून जास्तच चिडला. "नवीन ब्रेक टाकून पण तेच? आता तरी कबूल कर, तुझ्यानं नाय व्हायचं!"

शमिका खाली उतरली. तिच्या नाकाला एक वास येत होता, करपल्यासारखा. ती चाकापाशी बसली. नव्या रिमच्या फटीतून तिनं बोट आत घातलं आणि डिस्कवर फिरवलं. बोट बुळबुळीत झालं. तिनं बोट नाकाशी नेलं. लाँचच्या इंजिनरूममध्ये येतो तोच वास.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

"ग्रीस," निहार म्हणाला. आवाजात अजून तोरा होता. "तुझ्या त्या गॅरेजवाल्यानं फसवलंय तुला. सकाळी बघतो तर नव्या कोऱ्या लोखंडावर एका रात्रीत तांबूस गंज! खाऱ्या हवेत उघडं लोखंड कुणी ठेवतं काय? पॉलिश केल्यासारखा पातळ हात फिरवला मी ब्रशनं. दोन्ही बाजूंनी."

बंदरावरच्या माणसाचा हात असाच चालतो. लोखंड दिसलं की ग्रीस लावायचं. साखळी, पुली, खिळा, बिजागरी, काही सुटत नाही. समुद्र लोखंड खातो, हे यांना आईच्या दुधाबरोबर कळतं. पण डिस्कवरचा तो तांबूस गंज पहिल्या ब्रेकलाच घासून निघून जातो, आणि ब्रेक लागतो तो नेमका त्या उघड्या लोखंडावरच, हे अजिंक्यच्या गॅरेजमधल्या नवशिक्यालासुद्धा माहीत असतं. विचारलं असतं तर कळलं असतं. विचारायचं कुणाला? बायकोला?

शमिकाला एकदम जुने पॅड आठवले. तेलानं भिजलेले. न सापडलेली गळती. तिनं अगदी सावकाश विचारलं, "जुन्या ब्रेकना पण लावायचात?"

"लावायचो म्हणजे? दर अमावास्येला, लाँच उभी असली की चाकं काढून सगळं खालून बघायचो मी. तुला काय ठाऊक किती मेहनत—" आणि तो मध्येच थांबला. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर होत्या. तो मूर्ख नव्हता. त्याला समजायला फक्त वेळ लागला.

शमिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अशाच एका अमावास्येच्या दुपारी तिनंच त्याला गाडीखाली चहा नेऊन दिला होता. काळे हात बाहेर काढून त्यानं कप घेतला होता, आणि तिला कौतुक वाटलं होतं. कौतुक!

"लाँचच्या इंजिनाला मी कधी हात लावला?" ती ओरडली. "एकदा नुसता हँडलला हात लावला तर सगळ्या खलाशांसमोर झापलंत मला. आणि माझ्या गाडीला, जिच्यात मी चार बायकांचे जीव घेऊन जाते, तिला ब्रश मारायच्या आधी मला एका शब्दानं विचारावंसं वाटलं नाय?"

"चांगल्यासाठीच केलं ना मी..."

"जाऊ दे गो," बकुळा वरून उतरत म्हणाली, "मुद्दाम थोडंच केलंय त्यानं."

"आई, तुम्ही मध्ये पडू नका." असं शमिका सासूला आयुष्यात पहिल्यांदा बोलली. बकुळा जागच्या जागी थांबली.

गोदाकाकू पुढे आली. "निहार, म्हणजे त्या दिवशी हातखंब्याला हिनं ब्रेक दाबला व्हता."

"होय काकू," निहार म्हणाला.

"नी तू दवाखान्यात काय बोललास?"

निहार हात पुढे करून पुटपुटला, "किल्ली दे. मी गॅरेजला नेतो, सगळं धुऊन आणतो."

"हात लावायचा नाय गाडीला," शमिका म्हणाली. "पॅड फुकट गेले, ते धुऊन येत नसतात. अजिंक्यला बोलावते मी."

तिला वाटलं होतं, खरं काय ते बाहेर आल्यावर बरं वाटेल. वाटलं नाही. उलट राग वाढतच गेला, कारण एक गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. चार महिने रोज दुपारी, घरात कुणी नसताना, ती जमिनीवर बसून उजवा पाय भिंतीला रेटत होती. शंभर वेळा. पायात ताकद यावी म्हणून. ह्या माणसानं चारचौघांत पाय हलका म्हटलं आणि तिनं ते खरं मानलं होतं. स्वतःच्या पायावर तिचा विश्वास उरला नव्हता. तिनं हे आता त्याला सगळ्यांसमोर सांगितलं. ऐकताना गोदाकाकूनं डोळ्याला पदर लावला.

"माझं चुकलं," निहार म्हणाला.

"मला सांगून काय उपयोग? मला ठाऊक झालं." तिनं वाडीकडे बोट दाखवलं. "दवाखान्याबाहेर जेवढी माणसं व्हती, त्यांच्या दारात जा. ग्रीस कुणी लावलं ते सांगा. प्रत्येक दारात."

"आत्ता?"

"आत्ता."

तो उभाच राहिला. धक्क्यावरचे पुरुष, मघाशी पाय हलका म्हणणारे, आता पायांतल्या चपला न्याहाळत होते. एकानंही त्याची बाजू घेतली नाही. शेवटी निहार उतार चढू लागला आणि पहिल्या घरासमोर थांबला. दवाखान्याबाहेर मान डोलावणाऱ्यांतला हरिश्चंद्र दात घासत बाहेर आला. निहार मान खाली घालून काहीतरी बोलला.

"ऐकू नाय आलं!" शमिका खालून ओरडली.