गिऱ्हाईक येणार म्हणून

घोटावड्यात कुणी आपल्या जमिनीतलं गवत काढायला लागलं की रस्त्यानं जाणारा गाडी थांबवून विचारतो, "काय रेटनं दिली?" पेरणार काय, असं कुणी विचारत नाही. जागा साफ होते ती विकायलाच. आधी जेसीबी, मग चुन्याच्या रेघा, मग कोपऱ्यावर हसऱ्या कुटुंबाचा बोर्ड. त्या बोर्डावरचं कुटुंब कुणी कधी पाहिलेलं नाही.

कोंडाजीला हरभरा टोकायचा होता. एवढंच.

घरामागं ओढ्याच्या कडेला त्याचे चार गुंठे उरले होते. बाकीची जमीन पोराच्या फ्लॅटात आणि टेम्पोत गेली. बायको, रंभाबाई, वारल्यापासून त्या तुकड्यात कुणी पाय ठेवला नव्हता. घाणेरी डोक्याच्या वर गेली होती. पलीकडच्या इमारतीतले भाडेकरू भिंतीवरून बाटल्या आणि पोरांचे डायपर फेकायचे. रान माजलंय म्हणजे मालक मेला, असा त्यांचा समज. दिवाळी होऊन गेली तरी मातीत अजून ओल होती. ती उडाली की हरभरा विसरायचा. ओढ्याचं पाणी द्यावं तर त्यात वरच्या सोसायट्यांचा मैला.

फांद्या कोयत्यानं पडल्या. बुडखे हलेनात. घाणेरीचा जुना बुडखा काढायला दोघं लागतात. एकानं पहार घालून उचकायचं, दुसऱ्यानं ओढायचं. कोंडाजी पहारेवर लोंबकळायचा, बुडखा जागचा हलायचा नाही. "बस, बस तितंच, तुझ्या आयला," असं तो बुडख्याला म्हणायचा. दिवसभरात त्याचं बोलणं झालं ते तेवढंच.

संध्याकाळी त्यानं मारुंजीला पोराला, साहिलला, फोन लावला.

"आबा, या रविवारी न्हाई जमत. पुढच्या बघू."

"पुढच्याला ओल ऱ्हात न्हाई."

"मग माणूस लावा ना. मी पैशे पाठवतो."

"माणूस हाय रे. पर मला तू पायजे."

"आबा, टेम्पो भरतोय. ठेवतो."

दुसऱ्या दिवशी पुतण्या विश्राम बुलेटवरून गेला. हा प्लॉटिंगचा एजंट. त्यानं अर्धा साफ झालेला तुकडा पाहिला, हॉर्न वाजवला, हसला आणि गेला. संध्याकाळी साहिलची गाडी दारात उभी.

"आबा, कोण गिऱ्हाईक हाय?" चप्पल काढायच्या आधी त्यानं विचारलं.

कोंडाजीनं तोंड उघडलं होतं, न्हाई रे बाबा, म्हणायला. पण पोरगा ओट्यावर बसला. पाणी मागितलं. गुडघ्याचं कसं हाय, विचारलं. कोंडाजीनं तोंड मिटलं. मग सावकाश म्हणाला, "हाय एक. लई नखरेल हाय. म्हणतो, घाणेरीचं एक मूळ दिसलं तर फिरकणार न्हाई."

"रविवारी काढून टाकू. त्यात काय!"

रविवारी सगळे आले. साहिल आला, सून अपेक्षा आली, विश्राम आला. त्यानं कमरेचा पट्टा सैल करून पहार धरली. साहिल आणि बाप एका बुडख्याला भिडले. बुडखा सुटला तेव्हा साहिल मागच्या मागं बसला आणि विश्राम खिंकाळला.

"अरे मर्दा, एसीत बसून बसून बूड जड झालं तुझं!"

"तू बोलू नको. तुझी नुसती ढेरी वढायला दोन बैलं लागतील."

अपेक्षानं ओढणी डोक्याला बांधून हराळी वेचली. "आबा, ही हराळी की गवत?" ती दर काडीला विचारायची. कोंडाजी दर काडीला उठून बघायला जायचा. दुपारी तिनं आणलेली पिठलं-भाकरी सगळ्यांनी ओढ्याच्या कडेला खाल्ली. साहिलच्या हाताला फोड आला होता. बापानं त्याला चुना लावायला सांगितलं, तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, तुमचं आपलं सगळ्याला चुना." सगळे हसले. कोंडाजीनं एक भाकरी जास्त खाल्ली.

दिवस कलायच्या आत जमीन मोकळी झाली. कुदळीनं सऱ्याही पडल्या. त्या साहिलनंच पाडल्या, गिऱ्हाइकाला जमीन जिती दिसली पाहिजे म्हणून.

"आता बोलव त्याला," विश्राम मिशी पुसत म्हणाला. "बोलायचं काम माझ्यावर सोड, चुलत्या."

कोंडाजी घरात गेला आणि हरभऱ्याचं गाठोडं घेऊन बाहेर आला. पहिल्या सरीत वाकला. एक दाणा, वर माती. एक दाणा, वर माती.

साहिल बघत राहिला. "आबा. गिऱ्हाईक?"

"न्हाई कुणी."

"म्हणजे?"

"म्हणजे न्हाई. ओल हाय तवर टोकायचं हुतं."

"आमाला राबवलं तुमी? खोटं बोलून?"

"व्हय. खरं बोललो तवा तू टेम्पो भरत हुतास."

विश्राम थुंकला आणि बुलेटला किक मारली. साहिल काहीतरी मोठ्यानं बोलला. त्यात लाज, लोक आणि म्हातारपण हे शब्द होते. अपेक्षा सरीच्या कडेला उभी राहिली, हातातली हराळी तिनं टाकली नव्हती.

"चल," साहिल म्हणाला.

तिनं हराळी ढिगावर टाकली. "येते आबा," म्हणाली आणि गाडीत बसली.

कोंडाजी वाकलेलाच राहिला. त्याला वाटलं होतं, खोटं पचलं की आपल्याला हसू येईल. हसू आलं नाही. आजवर तो शेजारच्या गंगूबाईला सांगायचा, पोरांना येळच कुटं असतो. रंभाबाईच्या फोटोलाही त्यानं तेच सांगितलं होतं, आणि सांगताना त्याला ते खरं वाटायचं. आता तेही गेलं. वेळ होता. सबंध रविवार होता, हाताला फोड येईपर्यंत होता. काय म्हटलं की पोरगा येतो, हे त्याला आता पक्कं माहीत झालं होतं. आणि ते पुन्हा म्हणण्याची त्याला छाती नव्हती.

पलीकडच्या गॅलरीतून एक भाडेकरू वाकून म्हणाला, "काका, बढिया साफ हो गया! पार्किंग के लिए दोगे क्या?"

"पाय ठिवून बघ," कोंडाजी म्हणाला.

तो माणूस आत गेला. उजेड होता तोवर आणखी तीन सऱ्या होण्यासारख्या होत्या. कोंडाजीनं गाठोडं पुढं सरकवलं.