अठ्ठेचाळीस नंबरची शिवण

"मिस बर्नी, बाही जरा सैल करून द्याल? वाकलं की खांद्यात धरते."

"बारा वर्षांनी आज आठवलं होय रे?"

"आज थंडी आहे ना."

खोटं बोलत होता. केंट ड्रॉब्नीला बाही सैल नको होती, माझ्या शिवणखोलीत हीटरला पाठ लावून नुसतं बसायचं होतं. तिकडे खेळाडूंच्या खोलीत कोणी कोणाशी बोलत नव्हतं. सोळा सामने झाले होते, त्यातले दोन जिंकलेले. पहिल्याच सामन्यात तीस गुणांनी मार खाल्ला. पाचव्यात आमच्या मुख्य खेळाडूचा घोटा मोडला, आणि त्याच्या जागी आणलेल्याला आपली बाजू कुठली हे कळेपर्यंत नाताळ आला. आता शेवटचा, सतरावा सामना तीन तासांवर होता, आणि आपण हरावं अशी सगळ्या गावाची इच्छा होती.

हसू नका. आमच्या अमेरिकन फुटबॉलात असंच असतं. जो संघ सगळ्यात जास्त माती खातो, त्याला एप्रिलमध्ये कॉलेजातल्या पोरांमधून पहिला पोरगा उचलायला मिळतो. नापास होणाऱ्याला पहिलं बक्षीस! यंदाच्या पोराच्या हातात म्हणे जादू आहे. हरलो तर तो आमचा, जिंकलो तर दुसऱ्या कोणाचा. जन्मभर 'हॅमर्स, हॅमर्स' करून घसा फोडणारी माणसं त्या रविवारी चर्चमधून बाहेर पडताना एकमेकांना विचारत होती, "आज नक्की हरतील ना?" शी! देवासमोरून उठून हे विचारायचं!

मी बर्नडीन कोवाल्चिक. एकतीस वर्षं हॅमर्सच्या जर्सींवर नावांच्या पट्ट्या शिवतेय. ऑगस्टमध्ये नव्वद पोरं येतात, सप्टेंबर लागेपर्यंत त्रेपन्न उरतात. जाणाऱ्यांच्या पट्ट्या मलाच उसवाव्या लागतात. म्हणून ज्याचा भरवसा नाही त्याला मी एकेरी शिवण घालते, राहणाऱ्याला दुहेरी. हे मी कोणाला सांगत नाही, पण पोरं लबाड, जर्सी उलटी करून बघतातच.

केंटला बारा वर्षं एकेरीच होती. त्याचं काम काय, तर वाकायचं आणि पायांमधून चेंडू चौदा हात मागे फेकायचा. मागचा गडी तो झेलून जमिनीवर उभा धरतो आणि तिसरा लाथ मारतो. चेंडूची शिवण लाथेच्या उलट्या बाजूला यावी लागते. चेंडू हवेत किती गिरक्या घेईल ते केंट बोटांत मोजायचा, आणि शिवण नेमकी तिथेच यायची. बारा वर्षांत एकही चेंडू वाकडा गेला नाही, म्हणून गावात त्याचं नाव कोणाला माहीत नव्हतं. असल्या माणसाला दर उन्हाळ्यात दुसरा कोणी मिळाला की काढतात. मीसुद्धा तसंच धरून चालले होते.

तेवढ्यात जावईबापू आत आले. ट्रेव्हर हॅलोरन. मालकाच्या मुलीशी लग्न केलं आणि हुंड्यात संघाचा कारभार मिळाला. बर्फातसुद्धा पांढरे बूट. मी सुई हातात घेऊन समोर बसले होते, पण शिवणाऱ्या बाईला कान असतात हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही.

"काय केंट, मुलगी कशी आहे?"

"बरी आहे, सर."

"आज फार गारठा आहे रे. बोटं बधिर होतात असल्या हवेत. एखादा चेंडू निसटला तर तुला कोण बोलणार आहे?"

"माझा निसटत नाही, सर."

"माहितीये. म्हणून तर तुझ्याशी बोलतोय." त्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "तुझं तेरावं वर्ष माझ्या मनात पक्कं आहे. समजूतदार माणसं लागतात मला."

आणि गेले. मेल्याला धड सरळ बोलायचीही हिंमत नव्हती.

"प्रशिक्षकांना का नाही सांगत हा?" मी विचारलं.

"त्यांना उद्या काढणारच आहेत. ते कशाला याचं ऐकतील?" केंट हाताची बोटं उघडत-मिटत होता. "मला ते वर्ष हवंय, मिस बर्नी. जोसी चार वर्षांची आहे. सामना सुरू झाला की आईच्या मांडीवर झोपून जाते. पुढच्या वर्षी पाचची होईल, जागी राहील. तिला आठवेल. आपला बाप मैदानात होता, एवढं तरी."

"मग टाक एक वाकडा," मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं, मला त्याची लाज नाही. असल्या माणसांसाठी सरळ राहून कोणाचं भलं झालंय?

तो उठला. सैल न केलेली जर्सी तशीच घालून गेला.

सामन्यात फाटलेलं शिवायला मी बोगद्याच्या तोंडाशी उभी असते. दुपारभर बर्फ भुरभुरत होता. आपल्या संघाची लाज वाटते हे दाखवायला निम्मे प्रेक्षक डोक्यावर कागदी पिशव्या घालून बसले होते, डोळ्यांपुरती भोकं पाडून. चार सेकंद उरले, आम्ही दोन गुणांनी मागे. लाथ बसली तर तीन गुण. वर काचेच्या खोलीत जावईबापू उभे राहिलेले दिसत होते.

केंट वाकला. वाकलेल्या पाठीवर माझी ती एकेरी पट्टी मला दिसत होती. चेंडू गेला. धरणाऱ्याने झेलून उभा केला, शिवण बरोब्बर पलीकडे. लाथ बसली आणि चेंडू दोन खांबांच्या मधून गेला.

क्षणभर कोणाला कळेचना. मग सगळ्या मैदानाने हुर्यो उडवली. आपल्याच संघाची, आपल्याच घरी, जिंकल्याबद्दल! एक बिअरचा डबा येऊन केंटच्या मानेवर आदळला. मोठ्या पडद्यावर त्याचं नाव झळकलं. बारा वर्षांत पहिल्यांदाच लोकांनी ते तोंडात घेतलं, तेही शिवी हासडावी तसं. पिशव्या तरी काढायच्या होत्यात रे, तोंडं दिसली असती!

"टाकणार होतो मी वाकडा," बोगद्यात माझ्याजवळ थांबून केंट हळूच म्हणाला. त्याच्या मानेवरून बिअर गळत होती. "वाकेपर्यंत ठरलेलं होतं. हातांनी ऐकलंच नाही."

सोमवारी सकाळी खेळाडू काळ्या कचऱ्याच्या पिशव्या घेऊन आपापली कपाटं रिकामी करतात. दरवर्षीचंच आहे. मी सातलाच आले, धुतलेल्या जर्सींतून केंटचा अठ्ठेचाळीस नंबर काढला आणि मशीनवर बसले. साडेआठला वरून फोन आला, "ड्रॉब्नीचं नाव काढा, जर्सी साठ्यात ठेवा." अकराला जावईबापू स्वतः खाली उतरले.

"अजून काढलं नाही?"

"निघत नाही."

"निघत नाही म्हणजे?"

"दुहेरी शिवण आहे. उसवायला गेले तर पाठ फाटेल. जादूच्या हाताचं पोर तर गेलंच, आता येईल त्याला फाटकं घालणार का?"

"मग टाकून द्या!" ते करवादले आणि पांढरे बूट वाजवत निघून गेले.

मी टाकून दिली. केंटच्या काळ्या पिशवीत.

त्याने ती बाहेर काढली. सवयीने उलटी केली आणि तिथेच थांबला. टाक्यांच्या दोन ओळींवरून अंगठा फिरवत राहिला. माझ्याकडे बघितलं नाही, तेच बरं झालं.

जोसी बाकावर पाय हलवत बसली होती. त्याने जर्सी तिच्या डोक्यातून घातली. ती पार बुटांपर्यंत आली. मान मागे वळवून तिने विचारलं, "पाठीवर काय लिहिलंय?"

"आपलं नाव."

तिने हात मागे नेऊन पट्टीचा कोपरा नखाने ओढून पाहिला. तो निघाला नाही.