रिकामी पाठ

वासंतीनं आजवर कितीतरी घोडे काढले, सगळे कोळशानं, सगळे धावते. पण एकाच्याही पाठीवर माणूस नाही. एकदाच बसवलं होतं, थोरल्या भावाला, कोंडीरामला. त्याच वर्षी तो शर्यतीच्या घाटात, गाडे पळवायच्या चढाच्या धावपट्टीवर, घोडीवरून पडला नि कायमचा लंगडा झाला. बिबवेवाडीतले शेजारी विचारत, "घोडे झकास, पण स्वार काय रजेवर?" ती हसून वेळ मारून न्यायची.

आज वाघोलीच्या पुढं, जत्रेत, कोंडीरामची नवी घोडी बैलगाड्याच्या पुढं पळणार होती. पाठीवर वासंतीची लेक, पूर्वा.

"हेल्मेट तरी घाल गं."

"तू स्कूटरवर घालतेस का, आई?"

"माझ्या स्कूटरमागं बैल उधळत नाहीत!"

"वासे, पोरीची मांड पक्की हाय," कोंडीराम म्हणाला. "तू आपली चितरं काढ."

तिनं गुडघ्यावर कागद घेतला. हातात कोळसा असला की डोळे मिटता येत नाहीत, एवढाच त्याचा उपयोग.

भिर्रर्र! गाडा सोडायची आरोळी झाली. घोडी सुटली, मागं बैल. वासंतीचा हातही सुटला. ताणलेली मान, फेंदारलेल्या नाकपुड्या, हवेतले खूर. मग धुरळ्यानं सगळं गिळलं आणि वर, घाटाच्या टोकाला, लोक ओरडले. कशाला ओरडले?

तिनं कागदाकडं पाहिलं. घोडीची पाठ रिकामी होती.

हे आपण पाहिलं, की सवयीनं सोडून दिलं? काही केल्या आठवेना. वर माणसं कशाभोवती तरी गोळा झाली होती. कोंडीराम लंगडत तिकडं धावला. कधी नव्हे ते धावला. ती कोळसा मुठीत धरून तिकडंच बघत राहिली.

धुरळ्यातून घोडी आली, चालत. लगाम धरून शेजारी पूर्वा, डोक्यापासून पायापर्यंत मातीनं माखलेली.

"पडलीस?"

"उतरले. माणसं उतरतात, आई. तिकडं बैल आवरेनात, म्हणून एवढी बोंब." ती कागदावर वाकली. "आणि यात मी कुठंय?"

"नको, वासे," तिकडून परत आलेला कोंडीराम मागून हळूच म्हणाला.

पण ती रिकामी पाठ वासंतीला पुन्हा बघवेना. तिनं आधी लेकीचे गुडघे काढले, घोडीच्या बरगड्यांना गच्च आवळलेले. इतके दाबून, की कोळशाची कांडी मोडली. उरलेल्या तुकड्यानं ती तेच गुडघे गिरवत राहिली.