गुणाबाईची नऊ पिल्लं

चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या साली सिंदेवाहीजवळच्या एका गावात गुणाबाई आणि तिची धाकटी जाऊ कमळा यांचं अंड्यांवरून बिनसलं. गुणाबाई अंडी उबवायला खुडूक कोंबडी तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर बसवायची, कमळा धानाच्या कोंड्यावर. त्या खेपेला गुणाबाईची नऊ पिल्लं निघाली, कमळाची अकरा. विहिरीवरच्या बायकांनी कोंडाच भारी ठरवला.

"मी बाराच अंडी बसवली होती, तिनं सोळा," गुणाबाई सांगून सांगून थकली. कोणी ऐकेना.

शेवटी तिनं आपल्या ओसरीवर राहणाऱ्या देवतळेंना गाठलं. ते शेतकी खात्यात धानाची उगवण तपासायचे. त्यांनी पाटीवर आकडे मांडले. "तुमची शेकडा पंच्याहत्तर, कमळाबाईंची एकोणसत्तर."

"म्हंजे मी जितली."

"तसं म्हणता येत नाही. थोड्या अंड्यांत एवढा फरक नशिबानंही पडतो. तुमचं अजून एक नासलं असतं, तर तुम्ही मागं पडला असता."

"पण नासलं नाई ना."

देवतळेंनी पाटी पुसली. "दोघी प्रत्येकी शंभरेक अंडी बसवा, मग सांगतो," म्हणून ते मोकळे झाले.

गुणाबाईनं ते मनावर घेतलं. दोघी जावांनी घरोघर हिंडून सोळा खुडूक कोंबड्या आणि सगळ्या गावची अंडी गोळा केली. देवतळेंनी अंडी मिसळली आणि कोणती कोंबडी कुठं बसणार, याच्या चिठ्ठ्या काढल्या.

"माही कोंबडी तिच्या तणसावर काऊन?" कमळानं विचारलं.

"चांगल्या कोंबड्या एकाच बाजूला जायला नको म्हणून."

कोंबड्यांना हे पटलं नाही. देवतळेंचे दोन्ही हात त्यांनी टोचून काढले. त्यात गावात खायला अंडं उरलं नाही, म्हणून तीन आठवडे ते वरणभातावर राहिले.

प्रत्येकीच्या शहाण्णवांपैकी गुणाबाईची बहात्तर निघाली, कमळाची एकाहत्तर.

"फरक काही दिसत नाही," देवतळे म्हणाले.

"हे सांगाले गावभर फिरवलं आम्हाले?" कमळा म्हणाली. गुणाबाईलाही तेच म्हणायचं होतं. साहेबाला कोंबड्यांतलं काही कळत नाही, यावर दोघींचं महिन्यात पहिल्यांदा एकमत झालं.

ते दुसऱ्या दिवसापर्यंत टिकलं. विहिरीवर गुणाबाई सहज म्हणाली, "माहं एक जास्तच निघालं."

"त्यातलं एक लंगडं हाये."

"लंगडं मोजत नाई का? चाल, साहेबाले विचारू."

दोघी घागरी घेऊन येताना दिसल्या, तशी देवतळेंनी सायकल काढली आणि ते न जेवताच शेताकडे निघून गेले.